सामान गायमुखला आहे

काशीगाव बेटावर आहे, हे तिथे राहणाऱ्या माणसांनासुद्धा सहसा आठवत नाही. खाडीवरच्या पुलांवर गाड्या इतक्या चिकटून उभ्या असतात की खाली पाणी आहे हे बघायला कोणाला सुचत नाही. पण ठाणे, बोरिवली, मीरा रोड, भाईंदर हा सगळा पसारा साष्टी बेटाचा आहे आणि नगरहून तिथे जायचं तर खाडी ओलांडावी लागतेच. त्यामुळे आमच्या दाजींची बदली काशीगावला झाली तेव्हा "दाजी समुद्रापार निघाले" असं मी म्हणालो, त्यात अतिशयोक्ती नव्हती. दाजी पाळक आहेत. शेजारच्या म्हाताऱ्या आजींनी मात्र "पाळक असून काशीला निघाले, देवाची करणी!" असं म्हणत दाजींनाच नमस्कार केला. त्यांचा गैरसमज दूर करावा असं घरात कोणालाच वाटलं नाही.

दाजी, ताई आणि दोन्ही भाचरं पुढे गेली होती. सामान मागून ट्रकने येणार होतं आणि ते लावायला मदत म्हणून माझी रवानगी झाली होती. तारकपूरला एसटीत बसलो. आळेफाटा, ओतूर करत माळशेज उतरलो. मुरबाडला चहा घेत असताना ताईचा फोन आला.

"निघालास का? येताना उशी आण."

"सामान पोचलं नाही अजून?"

"पोचलंय. गायमुखला आहे."

गायमुख हा घोडबंदर रस्त्यावरचा घाट. अवजड गाड्यांना या रस्त्यावर दिवसा बंदीच्या वेळा असतात आणि रात्री मुभा मिळाली की सगळे ट्रक एकदम सुटतात, म्हणजे एकदम अडकतात. पोर्तुगीजांच्या काळात या घोडबंदरावर अरबी घोड्यांचा व्यापार चाले. ठाण्याहून निघालेल्या माझ्या बसला एक रिक्षा, दोन डिलिव्हरीवाले आणि मोबाइलवर बोलत चाललेला एक पादचारी मागे टाकून गेले तेव्हा त्या घोड्यांची फार आठवण झाली.

शेवटी काशीमिरा नाका आला. एका अंगाला राष्ट्रीय उद्यानाचा हिरवा डोंगर, दुसऱ्या अंगाला टॉवर, मधे महामार्ग. मीरा-भाईंदर रस्त्यावर खाली वाहनं, वर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो. काशीगाव ते दहिसर मेट्रोची चाचणी १४ मे २०२५ला झाली. दाजींच्या ट्रकची चाचणी अजून चालूच होती.

दाजींचा फ्लॅट पाचव्या मजल्यावर. दार उघडलं आणि मी "अरे, कोणी आहे का?" म्हणालो तर चारही खोल्यांनी तेच विचारलं. रिकाम्या घरात आवाज घुमतो. दाजींच्या प्रार्थनेला त्यामुळे कॅथीड्रलचा भारदस्तपणा आला होता, पण ताई भाचरांना ओरडली की तोच भारदस्तपणा तिलाही मिळत होता. ट्रकमध्ये फुटेल म्हणून ताईने दोन मौल्यवान वस्तू मांडीवर धरून आणल्या होत्या. एक लोणच्याची बरणी आणि दुसरं भिंतीवरचं घड्याळ. खिळे आणि हातोडी अर्थात ट्रकमध्ये. त्यामुळे घड्याळ हॉलच्या मधोमध फरशीवर उताणं पडलेलं, आणि ज्याला वेळ बघायची तो कमरेत वाकून बघायचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, या घरात दर पंधरा मिनिटांनी कोणीतरी जमिनीला नमस्कार करतं.

निजायला फ्लेक्स होता. वॉचमनने गच्चीवरून आणून दिलेला. वर एका भावी नगरसेवकाला वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि खाली टिकल्यांएवढे शुभेच्छुक. दाजी रोज त्या भावी नगरसेवकाच्या छातीवर डोकं टेकून झोपत. मला शुभेच्छुकांत जागा मिळाली. मतदाराला नेत्याच्या इतकं जवळ एरवी जाता येत नाही.

रोज सकाळी ड्रायव्हरला फोन लावणं हा कौटुंबिक उपासनेचाच एक भाग झाला होता. ड्रायव्हर माणूस गोड.

"साहेब, पोचलोच समजा."

"कुठे आहात?"

"गायमुखला."

"काल पण गायमुखलाच होतात."

"काल त्या बाजूला होतो साहेब."

नंतर कळलं की सामान मधे भिवंडीच्या एका गोदामात उतरवून दुसऱ्या गाडीत चढवलं होतं आणि तिथे दोन दिवस ते आराम करत होतं. गायमुख हे ठिकाण नसून ड्रायव्हरची मनःस्थिती होती.

अशा वेळी ताई चिडायची आणि दाजी इतिहासात शिरायचे. नगरच्या पाळकाला इतिहास लांब शोधावा लागत नाही. १८३१ सालापासून अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं तिथे आहे. "तुला ट्रकचं काय पडलंय?" दाजी फ्लेक्सवर मांडी घालून सांगायचे. "नॉटबाईंचं बघ. मिशनरी सॅम्युअल नॉट, त्यांची बायको रॉक्साना आणि गॉर्डन हॉल १८१२च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियाहून गलबतात बसले. ऑगस्टात कलकत्त्याला पोचले. कंपनी सरकार म्हणालं, आल्या पावली परत जा. त्यात इंग्लंड-अमेरिकेची लढाई जुंपली, म्हणजे हे शत्रूचे नागरिक. तिथून निसटून ११ फेब्रुवारी १८१३ला मुंबईत उतरले. एक वर्ष प्रवास! आणि इथे तरी काय? गव्हर्नर सर इव्हान नेपियन भला माणूस, पण हुकूम कलकत्त्याचा. यांना विलायतेला रवाना करा म्हणून. मग हॉल आणि नॉट गुपचूप गलबतात बसून कोचीनला पळाले, तर तिथून धरून परत मुंबईत आणले. तेव्हा कुठे राहायची परवानगी मिळाली."

"त्यांच्याकडे कुकर होता का?" ताईने विचारलं.

दाजी मनातल्या मनात हॉल-नॉट यांचं चरित्र चाळत गप्प बसले. ताईचा प्रश्न मात्र मला खरा इतिहासाचा वाटतो. कोण कधी कुठे उतरलं, कोणत्या गव्हर्नराने काय हुकूम काढला, हे सगळं दाजींना पाठ. पण नॉटबाईंनी मुंबईत पहिल्या दिवशी भात कशात शिजवला, हे त्यांनाही माहीत नव्हतं. जॉन विल्सन आणि मार्गारेट विल्सन हे मिशनरी जोडपं. ते १८२९ साली स्कॉटलंडहून आले आणि मराठी शिकायला कोकणात हर्णैला जाऊन राहिले. माझी खात्री आहे, त्यांची पहिली मराठी वाक्यं "वाटीभर मीठ द्याल का?" या जातीचीच असणार. व्याकरणाच्या पुस्तकातून भाषा येते ती नंतर.

आता बॉस्टनच्या बर्फाचं बघा. १८३३ साली बॉस्टनहून एक जहाज कलकत्त्याला बर्फ घेऊन निघालं. १८० टन बर्फ, चार महिन्यांचा प्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडायचं. तरी शंभरेक टन शाबूत पोचला. पुढच्या साली मुंबईलाही बर्फ आला. जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं, पाहुण्यांना सर्दी झाली आणि वर्तमानपत्राने 'बरी खोड मोडली' अशा सुरात छापलं. सांगायचा मुद्दा, बर्फ बॉस्टनहून येतो. बाजरीचं पोतं, जे वितळत नाही, ते नगरहून येत नाही.

कुकर मिळाला समोरच्या मारवाडी काकूंकडून, पण अटीवर. "इसमें अंडा-मच्छी नहीं करना, पादरीजी." दाजींनी शब्द दिला. त्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या मालवणी काकी बांगड्याचं तिखलं घेऊन आल्या. भांडं त्यांचंच, म्हणून शब्दही पाळला गेला आणि बांगडाही खाल्ला गेला. ताटल्या एकीच्या, तवा दुसरीचा, बादली वॉचमनची. ताईची तोवर अख्ख्या विंगशी ओळख झाली होती. नगरला एकाच गल्लीत बारा वर्षं काढून तिला समोरच्या घरातल्या सुनेचं नाव माहीत नव्हतं.

रविवारी घरातच प्रार्थनासभा ठरली. पेटी ट्रकमध्ये, गीतांची पुस्तकं ट्रकमध्ये, खुर्च्या नव्हत्याच. खुर्च्या सोसायटीच्या गणेशोत्सव मंडळाने दिल्या, प्रत्येकीच्या पाठीवर मंडळाचं नाव आणि स्थापना वर्ष. मंडळीतली माणसं गणपतीबाप्पाच्या खुर्च्यांवर बसून टाळ्यांच्या ठेक्यावर येशूची भजनं म्हणत होती आणि दार उघडं असल्यामुळे मारवाडी काकूही उंबऱ्यात उभं राहून ठेका धरत होत्या. दाजींनी उपदेशाला विषय घेतला, "पृथ्वीवर संपत्ती साठवू नका." इतक्या तयारीने हा विषय फार थोड्या पाळकांना मांडता आला असेल.

या मिशनवाल्यांचं सामान मुळात कुठे कुठे पोचलं, तेही गमतीचंच. मुंबईतल्या अमेरिकन मिशनने छापखाना घातला आणि १८१७ साली मराठी पुस्तिका छापली. त्याच छापखान्यात पुढे जावजी दादाजी नावाचा मुलगा कामाला लागला. मोठेपणी त्याने निर्णयसागर छापखाना काढला. त्या निर्णयसागरच्या पंचांगावर पिढ्यान्‌पिढ्या लग्नाचे मुहूर्त काढले गेले. मिशनने पाठवलं काय आणि पोचलं काय!

ट्रक आला तो रात्री दोन वाजता. तो येणार नाही याची सगळ्यांना सवय झाल्यावर. लोखंडी कपाट लिफ्टमध्ये मावेना, ते जिन्यावरून चढवताना प्रत्येक मजल्यावरचं एक दार उघडलं आणि एक माणूस बनियनवर मदतीला आला. मग घरात एकेक वस्तू आली. पाच गोधड्या, दोन रजया, लोकरीचे कानटोपे. बाहेर घामाच्या धारा. तांब्याचा बंब आला, त्याला पेटवायला पाचव्या मजल्यावर जागा नाही. त्यात आता छत्र्या असतात. पेटी आली, पण सादळून गेली होती. भात्यात वारा भरला की पट्टी दाबायच्या आधीच एक सूर बोलायला लागायचा. ताईने स्वतःचा कुकर काढला, पुसला आणि कपाटात ठेवला. समोरच्या काकूंचा कुकर परत करायला ती अजून गेलेली नाही, कारण परत केला तर रोज दुपारी जायला निमित्त उरणार नाही.

भिवंडीच्या गोदामात मात्र काहीतरी अदलाबदल झाली. आमचा पाटा-वरवंटा आला नाही. त्याच्या जागी काचेच्या फ्रेममधलं, बाशिंग बांधलेल्या एका अनोळखी जोडप्याचं लग्नाचं छायाचित्र आलं आहे. खिळा-हातोडी आल्यावर पहिलं तेच भिंतीवर लागलं, घड्याळाच्या शेजारी. येणारे-जाणारे त्या जोडप्याची विचारपूस करतात आणि ताईने त्यांना एव्हाना लांबचे नातेवाईक करून टाकलं आहे. वाचकांत कोणाचं घर अलीकडे भिवंडीमार्गे हललं असेल आणि लग्नाचा फोटो सापडत नसेल, तर तो काशीगावात सुखरूप आहे, खुशाल घेऊन जा. येताना पाटा आणा. आणि घोडबंदर रस्त्याने येत असाल तर उशीही.