मत्स्यांचे पुनर्वसन

६० लिटरांची काचपेटी अपुरी पडते म्हणून २०० लिटरांची नवी आणण्याची तजवीज वाढवणच्या एखाद्या सद्गृहस्थाने केली, तर त्या स्थलांतराचा बंदोबस्त पाहून कोणाही महसुली अंमलदाराने लज्जित व्हावे. पाणी भरले तरी काही आठवडे मासे आत सोडावयाचे नाहीत. विष्ठेतून उत्पन्न होणाऱ्या अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू पुरते वसल्याखेरीज कबजा द्यावयाचा नाही. आणि जुन्या गाळणीतला मळकट स्पंज न धुता नव्या पेटीत आणावयाचा, कारण त्या वतनदार जिवाणूंची वस्ती त्यातच असते. शिवाय पाण्याचाच भार २०० किलो, तेव्हा मेजाची मजबुती आधी तपासावयाची. हे सारे सोपस्कार मूठभर गप्पींसाठी!

खिडकीबाहेरच्या थोरल्या, खाऱ्या मत्स्यालयाचाही विकास मंजूर आहे. १९९८ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने वाढवणच्या नियोजित बंदरास नकार दिला होता. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने ना-हरकत दिली, आणि १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या योजनेवर मंजुरीची मोहोर उठविली. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव पडावयाचा आहे. म्हणजे पाणी घटवून मत्स्यालय वाढविण्याची ही रीत काचपेटीवाल्यांस अद्याप अवगत नाही. खडकांच्या कपारींत वंशपरंपरा नांदणाऱ्या शेवंडांच्या वतीने मच्छीमारांनी हरकती गुदरल्या, मोर्चे काढले. परंतु शेवंड काही गप्पीप्रमाणे कोणाच्या दिवाणखान्यात राहत नाही.