सुनेच्या फ्रिजात ओली वाळू

"अगं ए, भाकरी झाल्या असतील तर जरा कुंपणापाशी ये. कॅनडातलं येक नवंच ऐक."

आक्कांची अशी हाक आली की मी आधी गॅस बंद करते. त्यांची बातमी उभ्या उभ्या कधी संपलेली नाही. तारेला धरून बोलता बोलता दोन-चार घरं हिंडून येते.

"सुनेचा फोन आला होता का?"

"आलता तर! रडायची तेवढी राहिली. दूध काढाया फ्रिज उघडला, तर दह्याच्या डब्याशेजारी वल्ल्या वाळूची पिशवी. नवऱ्याला इचारलं तर म्हन्तो, हात लावू नको, त्यात झाडं हायेत."

"कसली झाडं?"

"स्प्रूस म्हनं. नाताळात दिवे लावून सजवत्यात ना, तसलं निमुळतं. आमच्या ल्येकानं त्याची बोंडं येचून आनली, वाळवली, झटकली. बोंडाच्या येकेका खवल्याखाली दोन-दोन बिया, त्यास्नी पातळ पंख. त्या आता तीन आठवडं गारठ्यात ठेवायच्या. मला सांग, शेतकऱ्याच्या पोरानं पेरायचं सोडून बी गारठवत बसावं का?"

"बरोबर करतोय तो. तिकडं बी गळतं ते थंडीच्या तोंडावर. लगेच उगवलं तर बर्फात मरेल. म्हणून ओलं, गार पडून राहतं आणि थंडी सरली की रुजतं. घरी पेरायचं तर ती थंडी फ्रिजातून द्यायची. तिकडच्या नर्सऱ्यासुद्धा असंच करतात."

"मंग सुनेनं कोथिंबीर कुठं ठेवायची?"

आमच्या बचत गटाची नर्सरी आहे, म्हणून रोपांचं काहीबाही सांगता येतं. सुनेच्या कोथिंबिरीचं उत्तर काही माझ्यापाशी नव्हतं.

"आन येवढं करून सुटका न्हाईच," आक्का पुढं निघाल्या. "कुंडीत पेरल्यावर पानी बेतानं. जास्त झालं की रोप मातीलगत सडून आडवं पडतं म्हनं."

"ते आपल्या मिरचीच्या वाफ्यातही होतंच की. रोपं कोलमडतात."

"आन वरीसभर जपून रोप केवढं? बोटायेवढं! तरी पोरगं खूश. म्हन्तो, ह्याच्या लाकडाचा कागद व्हतो, व्हायोलिनची वरली फळी व्हती. आता चार बिया तुला धाडतो म्हन्तो, कर्जतात लाव."

"नको म्हणावं. परदेशातलं बी असं पाकिटात घालून धाडता येत नाही. आयातीचा परवाना लागतो, शिवाय बी रोगमुक्त असल्याचं तिकडच्या सरकारचं प्रमाणपत्र. केंद्र सरकारचा 2003 चा आदेशच आहे. बांधावरचं गाजर गवत बघताय ना? तेही बाहेरूनच आलंय. पुण्यात 1955 च्या सुमारास दिसलं, आज कुठला बांध सुटलाय?"

"आन आलं तरी हितं जगनार व्हय? मे महिन्यात पत्र्याला हात लावता येत न्हाई."

"आपल्या देशात स्प्रूस आहे, पण तो हिमालयात, सात हजार फुटांच्या वर. कर्जतात त्याला कायमचं फ्रिजातच ठेवावं लागेल."

"अगाई! मंग कोथिंबिरीसाठी मलाच भांडावं लागंल." आक्का हसल्या आणि लगेच आवाज खाली आणला. म्हणजे आता पलीकडच्या गल्लीची पाळी. "गुरुजींचं कळलं का? गेल्या साली आषाढात लिंबोळ्या येचल्या, वाळवल्या, डब्यात भरल्या, वर तारखेची चिठ्ठी लावली. आन पेरल्या कवा? पाडव्याला! पिशव्यांच्या रांगाच्या रांगा, पन येक कोंब आला न्हाई. आता म्हन्त्यात, मातीवाल्यानं माती खराब दिली."

"माती बिचारी काय करील? लिंबाचं बी दोन-तीन आठवड्यांत मरायला लागतं. पिवळी लिंबोळी झाडाखाली पडली की उचलायची, गर चोळून धुवायचा, सावलीत निथळू द्यायचं आणि आठवड्याच्या आत मातीत. जांभळाचंही तसंच, खाल्लं की पेरायचं. आणि जांभळाच्या एकाच बीतून कधी कधी दोन-तीन रोपं निघतात."

"गुरुजींना सांग की मग."

"मी नाही बाई सांगणार. ते पाढे म्हणायला लावतील."

"बाभळीला मातुर असली घाई न्हाई. सासऱ्यांच्या माळ्यावर शेंगा सालोसाल पडून असायच्या. पेरल्या की उगवायच्या."

"सगळ्या नाही उगवत, आक्का. बाभळीच्या बीचं साल कठीण, पाणी आत जाऊ देत नाही. गरम पाण्यात टाकून रात्रभर ठेवावं लागतं, नाहीतर शेळीच्या पोटातून काढावं लागतं."

"म्हंजी सकाळी तू शेळ्यांच्या वाडग्यात वाकली व्हतीस ती त्यापायी? मला वाटलं, जोडवं हरवलं."

वाडग्यातलं बी एकदा बघण्यासारखं असतं. शेळ्या दिवसभर शेंगा खातात, रात्री रवंथ करताना बऱ्याच बिया तोंडातून खाली टाकतात, उरलेल्या लेंडीतून पडतात. सकाळी त्यांच्या बसायच्या जागेवर बिया विखुरलेल्या असतात. चपट्या, काळपट तपकिरी, दोन्ही अंगांना एकेक लांबट गोल रेघ. काहींची चकाकी गेलेली असते. त्या पाण्यात टाकल्या की संध्याकाळपर्यंत टम्म फुगतात. ज्या अजून चकचकीत राहिल्या, त्या तळाला तशाच पडून असतात. त्यांची गरम पाण्याची आंघोळ चुकत नाही. फुगलेल्या बिया मी पदरावर घेऊन आक्कांना दाखवल्या.

"आन ही चाललीत कुठं? तरुण मंडळाची पोरं म्हनं बियांचं गोळं करून रेहेकुरीच्या माळावर फेकनार हायेत. परवा देवळापुढं फोटो काढीत व्हती."

"तेच तर थांबवायचंय. रेहेकुरीत कशाला झाडं? ते काळविटांचं अभयारण्य, 1980 पासूनचं, आणि सारं मिळून 2.17 चौरस किलोमीटर. काळवीट उघड्या गवताळ माळावरचं जनावर. त्याला लांबून लांडगा दिसायला पाहिजे, पळायला मोकळं रान पाहिजे. झाडी दाट झाली की खाली गवत राहत नाही. शिवाय वनखात्याला न विचारता तिथं काही टाकायचं नसतं."

"आमच्या लहानपनी सारा माळ असाच व्हता. माळढोक दिसायचा, आता नावाला न्हाई. झाड न्हाई म्हंजी जमीन वाया गेली, असं पोरांना कुनी शिकवलं देव जाने."

"त्यांची हौस मोडायची नाही, जागा तेवढी बदलायची. शेताचे बांध आहेत, शाळेचं आवार आहे. 2019 ला सरकारची 33 कोटी झाडांची मोहीम होती, तेव्हा जिकडं तिकडं पिशवीतली रोपं. पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाची मुळं आतल्या आत गोल फिरतात, मग जमिनीत लावलं तरी झाड नीट धरत नाही. बाभळीचं सोटमूळ तर खोल जाणारं. तिचं बी थेट बांधावर टोकलेलं बरं. एका जागी तीन-चार बिया टोकायच्या आणि नंतर त्यातलं जोमाचं रोप ठेवायचं."

"मंग पावसाची वल चांगली झाली की लगेच टोका. रथाच्या आत उरकायला पायजे. येकदा गोदड महाराजांच्या रथाचं पाव्हनं यायला लागलं, की कामिका येकादशी होईतो या गल्लीतल्या कुठल्याच बाईला हात मोकळा नसतो."

"पोरांना तुम्हीच सांगा. तुमचं ऐकतात."

"ऐकत्यात कशाला? घाबरत्यात. पन त्याआधी दुसरं ऐक. तू सकाळी बी येचून गेलीस आन शेळीवालीनं लेंडीचा भाव काढला. आजवर पाटी भरून फुकट न्या म्हनायची. आज मला म्हन्ती, पाटीला वीस रुपये. सरकारी नर्सरीला बी जातंय वाटतं, म्हन्ती."

"सरकारी कसली? आमच्या गटाची आहे."

"तिला काय सांगनार? तू त्या बिया निवडाया चष्मा लावून बसली व्हतीस. तिला वाटलं, साहेबीनच आली."

"वीस कशाला? तिला म्हणावं, लेंडी आम्हाला नकोच, निवडून तुझी तुला परत करू, खताला. नुसत्या बीचे दहा घे."

"पंधरा म्हनंल."

"बाराच्या वर जाऊ नका."

आक्कांनी पदर खोचला, चपला शोधल्या आणि शेळीवालीच्या दाराकडं निघाल्या. अर्ध्या वाटेत थबकल्या आणि मागं वळून ओरडल्या, "तेवढ्यात माझा फोन वाजला तर घे गं! सून असंल. तिला सांग, पिशवी फेकू नको, खालच्या कप्प्यात सरकव. आन कोथिंबीर फडक्यात गुंडाळून दारातल्या फळीवर ठेव म्हनावं!"