टाकी फुल, चिखल गुल

‘किती देते?’ हा प्रश्न महाराष्ट्रात गाडीच्या किमतीच्याही आधी विचारला जातो. थारसारख्या डोंगरचढ्या गाडीच्या मालकाला त्यात अपमान वाटतो आणि तो मोठ्या मनाने सांगतो, ‘अशा गाडीचं ॲव्हरेज बघायचं नसतं हो!’ माझं म्हणणं असं की बघायचं असतं, फक्त आपण ते भलत्याच ठिकाणी बघतो. पडताळणीसाठी पुणे-ताम्हिणी-दिवेआगर हा रस्ता घेऊ. पहाटे पाचला निघायचं ठरवून सकाळी नऊला निघणाऱ्या अशा गाड्या शनिवारी याच रस्त्याला लागतात. अंतर साधारण 160 किलोमीटर. कोथरूडमधून पौड रस्त्याने बाहेर पडताना उजव्या हाताला टेकडी लागते. ज्या एआरएआयच्या नावाने गाड्यांचं कागदावरचं ॲव्हरेज सांगितलं जातं, ती संस्था याच टेकडीवर आहे. ॲव्हरेजच्या चाचणीत गाडी रोलरवर उभी करतात. चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. वेग ठरल्याप्रमाणे चढतो-उतरतो, नव्वदच्या वर जात नाही, एसी बंद असतो आणि मागच्या सीटवर मेव्हणा नसतो. त्यातून थारचा आकडा पंधराच्या आसपास निघतो. तो खोटा मुळीच नाही. कुठेही न जाता गाडी खरोखरच तेवढं देते.

तो आकडा टेकडी ओलांडली की घसरायला लागतो, आणि त्यात गाडीचा दोष नसतो. चांदणी चौकातला नवा पूल 2023 मध्ये सुरू झाला, पण त्याच्या अलीकडे-पलीकडे थांबत-सरकत जायचं, तेही पावणेदोन टनांच्या आसपासचं वजन दर सिग्नलला नव्याने ढकलत. पिरंगुटनंतर रस्ता मोकळा होतो, तर वारा आडवा येतो. वेग पन्नासचा शंभर केला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि या गाडीचा चेहरा वाऱ्याला वाट करून देण्यासाठी नव्हे तर जाब विचारण्यासाठी घडवलेला असतो. त्यात मालकाची हौस भर घालते. टपावर कॅरिअर, कॅरिअरवर दिव्यांची माळ, मागे रिकामा जेरीकॅन, चारी बाजूंना रस्त्यावर घोंघावणारे दाणेदार टायर. पुढचा लोखंडी बुलबार तर 2017 पासून केंद्राने बेकायदा ठरवलेला, तरी तोही दिसतोच. या सगळ्याचं वजन आणि विरोध इंजिन दर किलोमीटरला इमानेइतबारे भरतं. सगळ्यात मौजेची गोष्ट फोर बाय फोरची. थारमध्ये ही सोय कोरड्या डांबरावर वापरायचीच नसते. पुढच्या आणि मागच्या चाकांना वळणावर वेगवेगळं अंतर कापावं लागतं आणि मध्ये ती तफावत सोसणारा डिफरन्शियल नसतो, त्यामुळे सगळी यंत्रणा पिळवटून निघते. म्हणजे ताम्हिणीचा घाट चढून-उतरून माणगावपर्यंत पुढच्या चाकांची सगळी जोडणी गाडीच्या पोटाखाली बिनतिकीट बसून येते.

तिची पाळी येते ती पुळणीवर. (गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे, कोकणात घालू नये हे न सांगता कळायला हवं, पण कळत नाही.) ओल्या वाळूवर ऐटीत निघालेली गाडी कोरड्या, भुसभुशीत वाळूत शिरते, मालक घाबरून पाय दाबतो आणि चाकं जागच्या जागी विहीर खणायला लागतात. मग फोर-एल. या गिअरमध्ये गाडी रांगते, पण चाकांना जोर बराच जास्त मिळतो. शंभर मीटर जायला अर्धा तास लागला तर ॲव्हरेज काय काढणार? किलोमीटर जवळपास शून्य आणि डिझेल चालूच. म्हणून शेतातलं आणि बांधकामावरचं यंत्र किलोमीटरवर मोजत नाहीत, तासावर मोजतात. जेसीबीच्या डॅशबोर्डवर तासांचा मीटर असतो. ऑफरोड गाडीचा खरा हिशोबही तासांचाच. चारही चाकं कामाला लागली असे तास वर्षातून किती?

आता कागद-पेन्सिल घेऊ. गाडी दहा वर्षं ठेवली, वर्षाला 10,000 किलोमीटर चालवली, ती लिटरला 11 देते आणि साधी डिझेल गाडी 17 देते, असं धरू. एकीला वर्षाला 909 लिटर लागतात, दुसरीला 588. फरक 321 लिटरचा. 90 रुपये दराने वर्षाचे 29,000 च्या आसपास, दहा वर्षांचे दोन लाख नव्वद हजारांच्या घरात. हौशी मालकाने वर्षाकाठी चार तास फोर-एल वापरला तर दहा वर्षांत चाळीस तास झाले. म्हणजे तासाला सात हजारांहून जास्त, तेही नुसत्या जादा डिझेलचे. विमा, महागडे टायर, सर्व्हिसिंग निराळं. आणि चार तास ही माझी उदारता समजा. जुन्या थारमध्ये डोकावून पाहावं : मुख्य गिअरच्या गोळ्यावरचे आकडे हाताने पुसट झालेले, आणि शेजारच्या छोट्या लिव्हरवरचं 2एच, 4एच, 4एल नवरदेवाच्या कट्यारीसारखं लखलखीत.

‘पण रिसेल चांगला येतो,’ असा पहिला आक्षेप असतो. येतो, आणि का येतो ते जुन्या गाड्यांच्या जाहिरातीतच लिहिलेलं असतं : ‘सिंगल हँड, एकदाही ऑफरोड नेलेली नाही.’ ज्या कामासाठी गाडी घेतली ते कधीच केलं नाही, हाच तिचा सद्गुण! दुसरा आक्षेप रस्त्यांचा. खड्डे आहेत, कबूल. पण खड्ड्याला लागते उंची. थारच्या पोटाखाली 226 मिलिमीटर मोकळे आहेत आणि त्यांचा पुढच्या ॲक्सलशी संबंध नाही. हे कंपनीला आधी उमगलं. 2023 च्या जानेवारीत महिंद्राने फक्त मागच्या चाकांवर चालणारी स्वस्त थार काढली, आणि गिऱ्हाइकांनी तिच्यासाठीही नंबर लावले. तिसरा आक्षेप मात्र खरा : काहींना ही गाडी लागतेच. ताडोब्यात जिप्सी कच्च्या वाटेवर सहा पर्यटकांना घेऊन फिरते. तिथे ‘किती देते’ कोणी विचारत नाही, ‘दिसला का’ विचारतात. घाटमाथ्यावरचा वडापवाला तर अर्थशास्त्रात सगळ्यांचा बाप. त्याची जीप लिटरला दहा देवो की बारा, आत चौदा जण, टपावर कोंबड्यांची डालगी, मागे लोंबकळणारे दोघे; डिझेल माणशी वाटलं की कुठलीही चकचकीत हॅचबॅक लाजेल. (त्याला पाहून कायदाही लाजेल, पण तो विषय वेगळा.)

तेव्हा ज्याचे तास भरतात त्याला ही गाडी स्वस्त आहे, कितीही प्यायली तरी. ज्याचे भरत नाहीत त्याने ॲव्हरेजवरून कंपनीला नावं ठेवू नयेत. ॲव्हरेज त्याच्या शनिवार-रविवारचं खराब आहे. त्याने साधी गाडी घ्यावी, दिवेआगरला डांबरावरूनच जावं आणि वाचलेल्या एकोणतीस हजारांत मासे खावेत. तरीही वाळूची खुमखुमी असेलच, तर किनाऱ्यावर ट्रॅक्टरवाला आहे. पंचवीस लाखांची असो की पाच लाखांची, रुतलेल्या गाडीला तो एकच वाक्य ऐकवतो : ‘साहेब, आधी टायरची हवा सोडा.’ हवा कमी झाली की टायर पसरतो, वाळूवरचा भार वाटला जातो आणि निम्मं काम तिथेच होतं. उरलेलं निम्मं तो दोर बांधून करतो आणि तासाच्या हिशोबाने पैसे घेतो. त्याला ‘किती देतो’ असं विचारायची छाती अजून कोणाची झालेली नाही.