आलं का?

यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत आणि प्रत्येक तालुक्यात दुकानदार मंडळींचा एक तरी भाचा आहे. भाचा हे आमच्याकडे नात्यापेक्षा पद जास्त आहे. दुकानाच्या वेबसाइटचं सगळं खातं त्याच्याकडे असतं. दारव्ह्याचं कापड दुकान असो, पुसदचं मंगल कार्यालय असो, नाहीतर पांढरकवड्याचं कृषी केंद्र. 'साइट कोणी केली?' म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं. 'आपला भाचा हाये ना, त्यानं.' पुढचं वाक्यही ठरलेलं. 'तो आता पुण्याले असते.' आणि तिसरं वाक्य जरा खालच्या आवाजात, 'पासवर्ड त्याच्यापाशीच हाये.'

हे तिसरं वाक्य कानावर पडलं की माझा धंदा सुरू होतो. यवतमाळात बसून मी असल्या पोरक्या साइटी दत्तक घेतो.

मागे केळापूर तालुक्यातल्या एका कृषी केंद्राची साइट अशीच पदरात पडली. मालक काका काउंटरवर, मी बाजूच्या खताच्या पोत्यावर, लॅपटॉप मांडीवर. साइट उघडली. सगळ्यात वर 'वेलकम टू अवर वेबसाइट'. त्याखाली उजवीकडून डावीकडे पळणारी लाल पट्टी. तिच्यावरचं अर्धं वाक्य वाचेपर्यंत उरलेलं अर्धं वणीच्या दिशेनं निघून गेलेलं. मग एक भलामोठा फोटो. गव्हाच्या पिवळ्याधमक शेतात, चौकडीचा शर्ट घातलेला, सोनेरी केसांचा एक शेतकरी आमच्याकडे बघून हसत होता.

"काका, हा कोण?"

"काय मालूम बा. भाच्यानं टाकला. चांगला दिसते ना पण?"

दिसायला चांगलाच होता. फक्त अख्ख्या केळापूर तालुक्यात त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि बोंडअळीच्या मुलखात इतक्या मोकळेपणानं हसणारा कास्तकार सापडणंही अवघड. त्याच्या खाली 'अबाउट अस'. तिथं कुठल्याशा बहुराष्ट्रीय कंपनीचा मजकूर जसाच्या तसा उचललेला: आम्ही चाळीस देशांत सेवा देतो. काकांची सेवा घाटंजीच्या पुढं गेलेली नव्हती. फोन नंबर होता, पण पार तळाशी आणि तोही फोटोत. बोटानं कितीही दाबा, फोन लागायचा नाही.

हे सगळं मी बघत असताना काकांचा मोबाइल सारखा वाजत होता. पलीकडून दरवेळी एकच विचारणा, "आलं का?" काका नाव विचारत नव्हते, गाव विचारत नव्हते. आवाजावरून माणूस आणि माणसावरून वाण त्यांना कळत होतं. "नाही आलं बा, उद्या पाहू." "आलं, पण चारच बॅगा हायेत, लवकर ये." जूनच्या तोंडावर साऱ्या तालुक्याला त्या दुकानाकडून एवढंच हवं होतं. साइटवर चाळीस देश होते. बियाणं आलं का, ते मात्र कुठंच नव्हतं.

आता यात भाच्याचा दोष किती? डिझाइनचं आपलं शिक्षण चौकातल्या फ्लेक्सवर झालंय. फ्लेक्सचे पैसे चौरस फुटावर. पैसे मोजले आहेत तर इंचभर जागा तरी रिकामी कायले सोडायची? म्हणून मध्ये वाढदिवसवाले भाऊ, वर नेते, खाली शुभेच्छुक, शुभेच्छुकांच्या मधल्या फटीत आणखी शुभेच्छुक, आणि तरीही फट उरलीच तर गुलाबाचं फूल. वेबसाइटवर जागेचं भाडं लागत नाही हे कळल्यावर तर आनंदाला पारावार राहत नाही. फुकटात फ्लेक्स, आणि तोही खाली ओढू तितका लांब!

फ्लेक्सच्या आधी गावोगावी पेंटर होते. दुकानाची पाटी रंगवायची तर ते आधी चुन्यात बुडवलेली दोरी ताणून दोन रेघा मारायचे. मग खडूनं अक्षरं मोजून बसवायचे, वर नाव, खाली काय मिळतं ते, कोपऱ्यात मालकाचं नाव. कडेला चांगली चार बोटं जागा सोडायचे. आणि रंगाचा डबा उघडण्याआधी रस्ता ओलांडून समोरच्या पानठेल्यावर जायचे. पान तोंडात टाकून तिथून डोळे बारीक करून बघायचे: एसटीत बसलेल्या माणसाला हे वाचता येईल का? आज पुण्या-बंगळुरात याच गोष्टींची अभ्यासक्रमात वेगवेगळी नावं आहेत आणि त्यांची जबर फी आहे. आमच्या पेंटरला त्याचे पानाचे पैसे तेवढे लागायचे.

रंगांचंच घ्या. काकांच्या साइटवर हिरव्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरं होती, कारण हिरवं म्हणजे शेती आणि लाल म्हणजे शुभ. वेबच्या जागतिक नियमावलीत साध्या मजकुराची अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ एवढा फरक असावा, असं २००८ पासून लिहून ठेवलंय. तो मोजून देणारी साधनं इंटरनेटवर फुकट मिळतात. काकांना हा आकडा सांगितला तर त्यांनी तो गुणोत्तर-प्रमाणासारखा कानाआड केला. मग मी त्यांना मोबाइल घेऊन भर दुपारच्या उन्हात उभं केलं आणि म्हटलं, वाचा. त्यांनी कपाळावर हात धरला, मोबाइल वाकडा केला, स्वतः वाकडे झाले आणि म्हणाले, "काहीच दिसून नाही रायलं." तुमचं गिऱ्हाईक याच उन्हात, धुऱ्यावर उभं राहून हे बघतं काका, एवढं सांगितल्यावर पांढऱ्यावर काळं मंजूर झालं.

मराठी मजकुराची कथा आणखी निराळी. तो येतो डीटीपीवाल्याकडून, जुन्या फॉन्टात टाइप केलेला. त्याच्या संगणकावर 'कापूस', माझ्या पडद्यावर चौकोन, डॉलर आणि उलटी प्रश्नचिन्हं. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. पण आमच्याकडे लग्नपत्रिका अजून त्याच्या आधीच्या काळात छापल्या जातात. युनिकोडात आल्यावर मुक्त, बलू असे एक टाइप या मुंबईच्या गटानं घडवलेले देखणे फॉन्ट गूगलवर फुकट मिळतात. तरी दोन गोष्टी बघाव्या लागतात. एक, 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत की हिंदी. दुसरी, ओळींमधलं अंतर. देवनागरीत वर वेलांटी-रफार आणि खाली उकार असतात. इंग्रजीच्या मापानं ओळी चिकटवल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो आणि वाचणाऱ्याला चष्म्याचा नंबर वाढल्याची शंका येते.

फोटोंचं वजन हा तर स्वतंत्र अध्याय. काकांनी मोबाइलवर दुकानाचे फोटो काढले. एकेक चार-पाच एमबीचा, आणि भाच्यानं ते तसेच चढवले. झरी-जामणीकडच्या एखाद्या आदिवासी पोडावर एका दांडीच्या नेटवर्कमध्ये ते पान उघडायला घेतलं की ते शकुंतला रेल्वेसारखं निघायचं. फरक इतकाच, की यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर अरुंद रुळांवरून, दारव्ह्याला दम खाऊन का होईना, शकुंतला पोचायची. स्क्वूशसारख्या फुकटच्या साधनात तोच फोटो दोनशे केबीच्या आत बसतो आणि दुकानाच्या पाटीवरचं अक्षर तितकंच स्पष्ट राहतं.

पाटीवरून आठवलं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या सगळ्या दुकानांना मराठी पाटी सक्तीची आहे आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. त्याप्रमाणे काकांच्या दुकानावर हातभर मराठी अक्षरं होती. साइट मात्र अथपासून इतिपर्यंत इंग्रजी. रस्त्यावरच्या माणसाला मराठीत बोलवायचं आणि मोबाइलवर आला की 'वेलकम' म्हणायचं, हा पाहुणचार आपल्यालाच जमतो.

गूगल नकाशावरही दुकान होतं. भाच्यानं ती नोंद पुण्याहून अंदाजपंचे केलेली, त्यामुळे खूण नाल्यात पडली होती. वेळेच्या रकान्यात 'चोवीस तास उघडे' यावर टिचकी. एकदा रात्री दोनला काकांना फोन आला. घरातले सगळे उठून बसले, काकूंनी देवाचं नाव घेतलं. पलीकडून आवाज, "काका, गूगलवर दुकान चालू दाखवून रायलं. आलं का?"

नव्या साइटवर मी सगळ्यात वर एकच गोष्ट ठेवली: 'आज काय आलं आहे'. शेजारी तारीख. खाली अंगठ्याएवढं फोनचं बटण, व्हॉट्सअ‍ॅपचं बटण, उघडण्या-बंद होण्याची वेळ आणि नाल्याबाहेर काढलेला नकाशा. यादी काकांनी स्वतःच्या मोबाइलवरून बदलायची, दुकानाचं शटर वर केल्याबरोबर. साइटचं नावही आता काकांच्या स्वतःच्या ईमेलवर नोंदलेलं आहे.

काकांनी पान वरपासून खालपर्यंत बघितलं. त्याला वेळ लागला नाही.

"झालं इतकंच?"

"इतकंच."

"रिकामं रिकामं वाटते बा." मग जरा थांबून, "गजानन महाराजांचा फोटो?" तो बसवला. "आपले आमदार?" ते नाही बसवले. "आन् तो गोरा?" त्याला निरोप देताना काकांना खरंच वाईट वाटलं.

त्या हंगामात काकांचे फोन कमी होतील असा माझा हिशोब होता. झाले नाहीत. फक्त प्रश्न लांबला: "काका, साइटवर तं लिवलं हाये आलं म्हणून. खरंच आलं का?" पण आता लोक वाणाचं नाव घेऊन विचारतात आणि 'उद्या पाहू'साठी कुणी वीस किलोमीटरवरून पेट्रोल जाळत येत नाही.

म्हणून साइट काढायला निघालेल्या दुकानदारांना, खानावळवाल्यांना, शिवणकाम करणाऱ्या ताईंना माझं सांगणं एवढंच. वर्डप्रेस की कॅनव्हा, निळा की केशरी, ही चर्चा नंतर. आधी आठवडाभर आपल्या फोनपाशी वही ठेवा आणि गिऱ्हाईक सगळ्यात जास्त काय विचारतं ते लिहा. त्याचं उत्तर पहिल्या ओळीत, मोठ्या अक्षरात, मराठीत द्या. ते उत्तर रोज बदलत असेल तर बदलायचं काम काउंटरवरच्या माणसाकडे द्या. इतकंही जमण्यासारखं नसेल, तर साइट काढूच नका. गूगलवरची वेळ आणि फोन नंबर बरोबर ठेवा. धंद्याला तेवढं पुरतं.