मालकाने हात लावू नये

पुण्यात मारुतीखाली आडवा झालेला माणूस हौशी समजला जातो. जर्मन गाडीखाली आडवा झालेला माणूस बुडालेला समजला जातो. रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुनी सतरंजी अंथरून मी माझ्या सेकंडहँड जर्मन सेडानखाली सरकलो की येणाऱ्या-जाणाऱ्या चपलांचा वेग कमी होतो. कोल्हापुरी दिसल्या की समजायचं, वरच्या मजल्यावरचे निवृत्त काका आले. ते वाकत नाहीत. गुडघे आणि स्वभाव दोन्ही आड येतात. उभ्या उभ्याच विचारतात, "एवढी गाडी घेतलीस, मग सर्व्हिसिंगचेच पैसे जड झाले होय?"

गाडी घेताना काही जड झालंच नव्हतं, हे त्यांना कसं सांगायचं? बरीच वर्षं चाललेली जर्मन गाडी नव्या छोट्या हॅचबॅकच्या भावात मिळते. गाडीची किंमत उतरते, तिच्या वॉटर पंपाची उतरत नाही. या दोन किमतींच्या मधल्या दरीत जो सापडतो, त्याच्या हातात शेवटी पाना येतो.

पण कुठला पाना? आमच्या घरातला सेट वडिलांच्या काळातला, १०, १२, १४, १७ अशा जपानी वळणाचा. जर्मनांचे आकडे १०, १३, १६, १८. दहाच्या पान्यावर दोन्ही राष्ट्रांचं एकमत आहे, आणि घरात हरवतो तो नेमका दहाचाच. त्यानंतर चांदणीच्या खाचेचे टॉर्क्स येतात. मग ज्यांचं डोकंच चांदणीचं आहे असे बोल्ट येतात, त्यांना वेगळे सॉकेट. आणि शेवटी बारा टोकांचा एक प्रकार. तो दिसतो टॉर्क्ससारखा, पण त्यात टॉर्क्सचा बिट घातला की आतली खाच गुळगुळीत झालीच म्हणून समजा. मी नाना पेठेत जाऊन हा बारा टोकांचा बिट मागितला तेव्हा दुकानदाराने आधी माझ्याकडे पाहिलं, मग गल्ल्याकडे पाहिलं, आणि आजवर कधी न म्हटलेलं वाक्य म्हणाला, "बसा ना साहेब."

आवळण्याचंही शास्त्र आहे. आमच्या नाक्यावरच्या मिस्त्रीकडे दोनच मापं: 'टाइट' आणि 'फुल टाइट'. जर्मन मॅन्युअलमध्ये आधी अमुक न्यूटन-मीटर आणि त्यावर आणखी ९० अंश. असा आवळलेला बोल्ट मुद्दाम थोडा ताणला जातो, म्हणून एकदा सोडला की टाकून द्यायचा. २००४ साली आलेल्या बीएमडब्ल्यूच्या एका सहा सिलिंडरच्या इंजिनाचा ब्लॉक मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमचा आहे. मॅग्नेशियमला पोलादाचा शेजार सोसत नाही, गंज धरतो. म्हणून तिथे बोल्टसुद्धा ॲल्युमिनियमचे, आणि तेही एकदाच वापरायचे. ज्या घरात दुधाची पिशवी धुऊन वाळत घालतात, तिथे धडधाकट बोल्ट टाकायचा कसा? माझे सगळे हॉर्लिक्सच्या बरणीत आहेत. त्यांचं पुढे काय करणार, हे विचारू नये. आपल्याकडे बरणीतल्या बोल्टला निवृत्तीचं वय नसतं.

पूर्वीचे जर्मन असे नव्हते. १९९५ साली पुण्यात मर्सिडीज जुळू लागली ती डब्ल्यू १२४ मालिकेतली. तिचं बोनेट थेट ९० अंशांत ताठ उभं करता यायचं. उद्या कुणीतरी इथे हात घालणार आहे, हे ती गाडी काढणाऱ्यांना मान्य होतं. आताचं बोनेट उघडा: काळं प्लास्टिकचं झाकण आणि त्यावर कंपनीचं चिन्ह. मालकाने लुडबुड करावी अशी जागा एकच, वायपरचं पाणी भरायची. इंजिन ऑइल बघायची काठीही अनेक मॉडेलांतून गेली. पातळी पडद्यावर बघायची. काही गाड्यांत काठीची नळी आहे, काठी नाही; ती वर्कशॉपमध्ये असते. बॅटरी बदलली तर तेही गाडीला संगणकावरून रीतसर कळवावं लागतं. नाहीतर ती नव्या बॅटरीला जुनीच समजून चार्ज करत राहते.

मागचे ब्रेक पॅड बदलायचे तर हँडब्रेक इलेक्ट्रिक. पिस्टन मागे ढकलण्याआधी त्याच्या मोटरला आज्ञा द्यावी लागते, म्हणून मी लॅपटॉप घेऊन सतरंजीवर बसलो. कोल्हापुरी थांबल्या.

"हे काय चाललंय?"

"काका, ब्रेकचं काम."

"लॅपटॉपवर?"

"हो."

"म्हणजे आता ब्रेकलासुद्धा वर्क फ्रॉम होम!"

तेवढ्यात मागच्या चाकातून बारीक घरघर आली आणि मोटर आज्ञाधारकपणे मागे फिरली. काका दोन पावलं सरकले. घरात कुणीच इतकं चटकन ऐकत नाही, हे आम्हा दोघांनाही एकदमच जाणवलं असावं.

जर्मनांचं सगळंच ऐकायचं नसतं, हेही हळूहळू कळतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल बदलायची गरजच नाही, असं काही गाडीवाले सांगतात. तोच गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी सांगते, ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी बदला. सासर म्हणतं, पोरीला काही झालेलं नाही. माहेर म्हणतं, डॉक्टरला दाखवा. अशा वेळी मी माहेरचं ऐकतो.

हिशोब मात्र बायको ठेवते. तिच्या मते गाडीची दुरुस्ती फुकटात झाली. खर्च आला तो टॉर्क रेंच, स्कॅनर, जॅक, स्टँड, चांदण्या आणि बारा टोकांवर. हत्यारं आयुष्यभर पुरतात, असं मी म्हणतो. गाडीही आयुष्यभर पुरणार आहे की काय, असं ती विचारते.

माझी बाजू इतिहासाने भक्कम केली आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये कार्ल बेन्झची बायको बेर्था, नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेली गाडी काढून दोन मुलांसह मानहाइमहून फोर्ट्सहाइमला निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. इग्निशनच्या तारेवर मोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेकचे लाकडी गुटके झिजले तेव्हा वाटेत मोच्याकडून त्यांवर चामडं बसवून घेतलं. इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं. जर्मन गाडीचा पहिला लांबचा प्रवास पार पडला तो असा, घरच्या माणसाने रस्त्यात हात काळे करून. मालकाने हात लावू नये, हा नियम नंतरच्यांनी काढलेला आहे.

हे सगळं मी बायकोला अभिमानाने सांगितलं. चढावर जोर कमी पडतो, असं बेर्थाने घरी येऊन सांगितलं आणि कार्लने गाडीला आणखी एक गिअर बसवला, हेही सांगितलं.

"म्हणजे त्याने बायकोची सूचना ऐकली," ती म्हणाली. "मग माझीही ऐक. विकून टाक."

सूचना तांत्रिकदृष्ट्या बिनतोड आहे. म्हणूनच मी तिच्यावर विचार करत नाही. शिवाय पुढच्या रविवारी कूलंट बदलायचं आहे.