एका पायाची शिकवणी

सुरतेत बर्फ म्हणजे आइस डिश. किसलेला बर्फ, त्यावर तीन-चार रंगांची सरबतं, वर मलई आणि सुकामेवा. रात्री अकराला अख्खं कुटुंब गाडीच्या बॉनेटवर डिश ठेवून ती संपवतं, एवढाच आमचा बर्फाशी संबंध. त्यामुळे स्केट स्कीइंगच्या तंत्राविषयी सुरतेत बसून मत देणं म्हणजे धाडसच. पण मत द्यायला अनुभव लागतोच असा नियम सुरतेत नाही, आणि मराठी माणसात तर मुळीच नाही. शिवाय मूळ वाद बर्फाचा नाही, एका पायाचा आहे, आणि तो आमच्या अडाजणच्या रिंकवर रोज संध्याकाळी रंगतो.

माझी नात तिथे चाकांचं स्केटिंग शिकते. हेल्मेट, कोपरांना आणि गुडघ्यांना पॅड असा सगळा सरंजाम चढवून मुलं कठड्याला धरून रांगेत उभी राहतात आणि सर ओरडतात, "एक पगे! बेलेन्स, बेटा, बेलेन्स!" मग सगळे एकेक पाय उचलतात. आमची नात त्या वेळी जीभ बाहेर काढते. टेकलेल्या पायाचा घोटा थरथरतो, चाकं इंचभर पुढे, इंचभर मागे होतात आणि कठड्यावरची बोटं पांढरी पडतात. हे बराच वेळ चालतं. प्रत्यक्ष धावणं शेवटी, उरलेल्या वेळात.

बाकावर बसलेल्या आजी-आजोबांमध्ये यावरून उघड उघड दोन पक्ष आहेत. हिऱ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका म्हणतात, "पायो पाको जोईए." पाया पक्का, तर इमारत पक्की. आमची ही जळगावकडची. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "बगळाना मायक काय उभी ऱ्हायनी वं? पोरीले पळू द्या की!" फी पळण्याची भरली आहे, उभं राहायला घरी जागा आहे, हा तिचा मुद्दा. सुरतेत फीचा मुद्दा निघाला की विरुद्ध पक्षही क्षणभर विचारात पडतो.

गंमत म्हणजे हाच वाद बर्फाच्या मुलखातही आहे. लांब पल्ल्याचं स्कीइंग पूर्वी एकाच पद्धतीचं होतं: बर्फात पाडलेल्या दोन समांतर चरांत दोन पट्ट्या ठेवायच्या आणि एकामागून एक पाय सरकवायचा. १९७० च्या दशकात फिनलंडच्या पाउली सीटोनेननं एक पट्टी चरात ठेवून दुसरीनं बाजूला रेटा द्यायला सुरुवात केली. १९८२ साली अमेरिकेच्या बिल कॉखनं हे स्केटिंग वापरत विश्वचषक मालिका जिंकली, आणि जुन्या मंडळींचा धर्म बुडाला. ही चाल इतकी वेगवान निघाली की शेवटी दोन पद्धतींच्या शर्यती वेगळ्या कराव्या लागल्या. १९८८ च्या कॅलगरी ऑलिंपिकपासून तिथेही तशी वाटणी आहे. आपला जगदीश सिंग २०१८ साली प्योंगचांगला पंधरा किलोमीटरची शर्यत धावला, ती याच स्केटिंगच्या, म्हणजे मुक्त पद्धतीची. तो १०३ वा आला. बाकावरचे काका म्हणाले, "तरी पोहोचला ना!" त्यांच्याशी माझं एकमत झालं, असा तो दुर्मिळ प्रसंग.

या चालीत प्रत्येक वेळी सगळा भार एका पायावर घेऊन घसरायचं असतं. नाक, गुडघा आणि पायाचा अंगठा एका रेषेत, असं शिकवतात. म्हणजे आमच्या काकांचाच पक्ष बरोबर की! ज्याला एका पायावर राहता येत नाही, तो बिचकत दोन्ही पायांत भार वाटून ठेवतो, आणि मग ना रेटा नीट बसतो, ना घसरण लांबते. म्हणून तिकडे डुगडुगत्या फळीवर उभं राहायचे व्यायाम निघाले.

पण पुढची गोष्ट हिच्या पक्षाची आहे. स्केट करणारा माणूस एका पायावर उभा नसतोच. तो दुसऱ्या पायावर पडायच्या तयारीत असतो. रेटा दिला की अंग पलीकडे झुकतं, पडू लागतं, आणि पुढचा पाय त्याला झेलतो. तो झेलतो न झेलतो तोच पुन्हा पडणं. उभं राहण्यातच ज्याचा जीव रमला, तो घसरणीवर रेंगाळतो, ताठ होतो, आणि भार पलीकडे टाकायला उशीर करतो. चढावर तर लांब घसरण परवडतच नाही. तिथे पावलं आखूड आणि भराभर पडायला हवीत. रेंगाळलात की वेग मेलाच.

चाकांच्या स्केटिंगचा इतिहासही हेच सांगतो. १८६३ साली न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टननं असे स्केट्स काढले की ज्या बाजूला अंग कलेल, त्या बाजूला ते वळत. चाकांवरचं स्केटिंग लोकांत पसरलं ते त्या कलण्यामुळे, ताठ उभं राहण्यामुळे नव्हे.

मग उभं राहण्याचा सराव धावताना कितपत कामी येतो? जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली एक साधा निष्कर्ष मांडला. माणसांना तोल सांभाळायची एक कसरत शिकवली, तर त्या कसरतीत ती तरबेज होतात. दुसरी कसरत दिली की शिकलेलं फारसं कामी येत नाही. तोल नावाची एकच शिल्लक नसते, की इथे भरली आणि तिथे काढली. प्रत्येक कामाचं खातं वेगळं.

हे पटवून घ्यायला जर्मनीला जायची गरज नाही, रिंग रोड पुरे. तिथल्या कापड मार्केटच्या जिन्यांवर, पाठीवर साड्यांचं भलंमोठं पार्सल घेऊन उतरणारा माणूस कधी निरखून पाहा. त्याचं डोकं दिसत नाही, दिसतं ते पांढरं बारदान आणि खाली दोन पाय. गुडघे किंचित वाकलेले, पावलं आखूड, आणि तोंडानं अखंड "साइड, साइड". त्याला काही झालं तरी थांबायचं नसतं. थांबला की ओझं वाढतं. तुम्ही मध्ये आलात, तर तो उभा राहत नाही, पावलाची दिशा बदलतो आणि पुढे निघून जातो. त्याला कुणी डुगडुगत्या फळीवर चढवलं, तर पहिल्या दिवशी तोही आपल्यासारखाच हात हलवील. त्याचा तोल जिन्यावरचा आहे, आणि तो जिन्यावरच कमावलेला आहे.

मग सरांची एका पायाची शिकवणी फुकट? तसंही नाही. भीती मोडायला ती बरी. घोटा बळकट होतो. आणि चाकं सुरू असताना, एका पायावर घसरत घसरत केली तर ती खेळातच मोडते. स्कीवाले काठ्या बाजूला ठेवून नुसत्या पायांनी स्केट करतात, तो सराव असाच. बिघडतं ते सराव हाच खेळ वाटायला लागला की. मग पोरगं कठड्यापाशी बगळा म्हणून पहिलं येतं आणि धावताना शेवटचं.

तरी मराठी माणसानं सरावाला फार नावंही ठेवू नयेत. पैलवानांना पूरक व्यायाम म्हणून दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला ऊर्जितावस्था दिली. आज मल्लखांबावरच्या पोराला कुणी विचारत नाही की बाबा रे, कुस्ती कधी? पूरक म्हणून आलेला पाहुणा घरचा मालक झाला, आणि छान झाला. फक्त मालक कोण हे ठाऊक असावं. कुस्ती जिंकायची असेल तर मातीत उतरावं लागतं.

एवढं सगळं मी बाकावर समजावून सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि मोबाइलवरची एक बातमी पुढे केली. २०२२ साली ब्राझीलमधल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलं होतं, की पन्नाशी ओलांडलेल्या ज्या लोकांना दहा सेकंद एका पायावर उभं राहता आलं नाही, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत दगावण्याचं प्रमाण जास्त होतं. आता एक पाय उचलल्यानं आयुष्य वाढतं, असं त्यातून निघत नाही. आधीच खंगलेल्या माणसालाच उभं राहता येत नसेल. पण म्हातारपणी तोलाचे व्यायाम केले तर पडणं कमी होतं, याला मात्र भरपूर पुरावा आहे.

आणि इथे दोन्ही पक्षांचं जुळलं. ज्याला जे काम, त्याला तोच सराव, असं म्हटलं तर मुलांचं काम धावणं. एका पायावर उभं राहणं हे काम आमचं. पायजमा घालताना, बसच्या पायरीवर, न्हाणीघराच्या उंबऱ्यावर आम्हालाच ते रोज करायचं असतं. तेव्हा सरांनी मुलांना लवकर मोकळं सोडावं आणि कठडा आमच्या ताब्यात द्यावा. हिनं याला एकाच अटीवर मान्यता दिली आहे: फी वेगळी पडता कामा नये.