जुन्या कॅम्परमधील गळती: लक्षणे, निदान व उपचार

शाळेची मुले आणि लग्नाची वऱ्हाडे वाहून थकलेल्या टेम्पो ट्रॅव्हलरमधील बाके काढून तिथे पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली असता जे वाहन तयार होते, त्यास कॅम्पर म्हणतात. आणि अशा वाहनाच्या छतातून, काचेच्या रबरातून किंवा दाराच्या फटीतून पावसाचे पाणी आत येऊ लागले असता त्या घटनेस मालकाव्यतिरिक्त सर्व जण गळती म्हणतात. नारायणगाव-मंचर पट्ट्यात आढळणारा हा मालक बहुधा निवृत्त असतो, गाडी बनवणाऱ्या कंपनीने २००५ मध्ये बजाज टेम्पो हे नाव टाकून फोर्स मोटर्स हे नाव घेतले तरी गाडीला ‘टेम्पो’च म्हणतो, आणि डोळ्यांदेखत उशी पिळून दाखवली तरी ‘गळत नाही, तिला जरा घाम येतो’ या मतावरून हटत नाही. प्रस्तुत मार्गदर्शन त्याच्यासाठी असले, तरी ते वाचले जाण्याची शक्यता त्याच्या घरच्यांकडूनच अधिक आहे.

मालकाच्या मतात अंशतः तथ्य आहे, हे प्रथमच नोंदवले पाहिजे. बंद गाडीत चार माणसे झोपली आणि चहाही आतच उकळला, तर श्वासातील व चहाच्या वाफेतील बाष्प रात्री गार पडलेल्या पत्र्यावर थेंबरूपाने जमते; या क्रियेस सांद्रीभवन म्हणतात, आणि माळशेजच्या धुक्यात ती विशेष जोमाने चालते. पाऊस नसलेल्या रात्रीही काचा आणि पत्रा सर्वत्र सारखा ओला दिसला तर तो घाम समजावा, आणि पावसानंतरच एका ठरावीक जागी ओल आली तर ती गळती समजावी. घामावर उपाय म्हणून समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवून शेगडी बाहेर काढावी. मालक मात्र खिडकी उघडू देत नाही, कारण उघड्या खिडकीतून पाऊस आत येतो. बंद छतातून येणाऱ्या पावसाला त्याची हरकत नसते.

गळतीच्या परीक्षेची जागा निवडताना भूगोल विसरू नये. सह्याद्रीच्या कड्याशी कोसळणारा पाऊस पूर्वेकडे झपाट्याने ओसरतो, त्यामुळे एकाच जुन्नर तालुक्यात घाटघरची भातखाचरे तुडुंब भरलेली असताना बेल्ह्याकडचा शेतकरी आभाळाकडे पाहत उभा असतो. जुनी गाडी पूर्वेकडच्या कोरड्या आळेफाट्यावर पाहून विकत घेणारा आणि दुरुस्तीनंतर तिथेच फेरी मारून ‘एक थेंब नाही’ असे जाहीर करणारा, हे दोघेही एकाच पंथाचे मानावेत. खरी परीक्षा आपटाळ्याच्या पुढे, किंवा आंबेगावकरांसाठी डिंभे धरणाच्या पुढे तळेघरकडे, सुरू होते.

नाणेघाट हे या विद्येतील उच्च परीक्षेचे केंद्र होय. पाणी वरून खाली येते, या गृहीतकावर सर्व गळतीशास्त्र उभे आहे. परंतु पावसाळ्यात कोकणातून कड्यावर धडकणारा वारा तिथला धबधबा उलटा वर उडवतो, आणि ज्या गाडीचे छत निर्दोष ठरले आहे तिच्या मागच्या दाराच्या खालच्या रबरातून पाणी सरळ पलंगाखाली शिरते. सबब मागचे दार पश्चिमेकडे करून गाडी उभी करू नये. हा नियम पाळला जाणार नाही, कारण देखावा पश्चिमेलाच आहे आणि मागचे दार उघडून, पाय बाहेर सोडून, भिजत चहा पिण्यासाठीच तर बिचाऱ्याने निवृत्तीचे पैसे या पत्र्यात घातलेले असतात.

आता मूळ सिद्धान्त. थेंब जिथे पडतो तिथे गळती नसते. पाणी पुढच्या बाजूस, कॅरिअरच्या, म्हणजे टपावर सामान बांधण्याच्या जाळीच्या, बोल्टाशेजारून आत शिरते, छताच्या पत्र्याला आतून आधार देणाऱ्या आडव्या पट्ट्यांवरून सरकत जाते, अस्तराच्या कापडाआड मुरते, आणि गाडी ज्या बाजूला कललेली असेल त्या बाजूच्या एखाद्या स्क्रूतून खाली उतरते. ती बाजू नेहमी मालकिणीचीच कशी असते, यावर अद्याप समाधानकारक स्पष्टीकरण मिळालेले नाही. मालक तत्काळ एम-सील, म्हणजे दोन गोळ्या मळून लावायचा व वाळल्यावर दगडासारखा होणारा लेप, त्या स्क्रूवर आतून थापतो. यामुळे पाण्याचे येणे थांबत नाही, फक्त जाणे थांबते; ते अस्तराआड साचून पत्रा गंजवते आणि पुढच्या पावसात दुसरा स्क्रू शोधते. शिवाय उन्हात प्रसरण पावणाऱ्या आणि खड्ड्यांत थरथरणाऱ्या पत्र्यावर ताठ लेप तडकतोच. अशा रीतीने काही गाड्यांच्या छताला आतून देवीचे व्रण उठल्याचे दिसते, आणि मालक ते पाहुण्यांना केलेल्या कामांची यादी म्हणून दाखवतो.

शोधाची योग्य पद्धत अशी की, प्रथम अस्तर काढावे, संशयित जागांवर कोरड्या वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवावेत, एका माणसास बॅटरी देऊन आत बसवावे आणि बाहेरून नळीने मंद धारेचे पाणी खालून वर या क्रमाने, म्हणजे आधी दाराचे रबर, मग काचा, मग पन्हळ आणि सर्वांत शेवटी छत, प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटे धीराने सोडावे. वरून सुरुवात केल्यास पाणी एकाच वेळी सर्व फटींवरून ओघळते आणि काहीच सिद्ध होत नाही. मालक वरूनच सुरुवात करतो. आत बसवलेला भाचा ‘मामा, आलं!’ म्हणून ओरडतो तेव्हा नळीच्या आवाजात मामाला ऐकू येत नाही. पाण्याची टंचाई असेल तर खिडक्या बंद करून बाहेरची हवा आत ओढणारा ब्लोअर पूर्ण वेगाने लावावा आणि सांध्यांवर बाहेरून साबणाचे पाणी फिरवावे. जिथे फुगे येतील तिथे छिद्र आहे. ही परीक्षा खरोखर उत्तम आहे आणि शेजारपाजारची मुलेही ती आनंदाने करतात.

टपाखालचा पातेल्याचा वापर हा उपचार नव्हे.

बंद करावयाच्या जागांइतकेच बंद न करावयाच्या जागांचे ज्ञान आवश्यक आहे. दाराच्या तळाशी आणि पुढच्या काचेखालच्या जाळीत जी छिद्रे असतात, ती आत उतरलेले पाणी बाहेर सोडण्यासाठी कारखान्यानेच ठेवलेली असतात. तिथला पालापाचोळा तारेने काढायचा असतो, तिथे सिलिकॉन भरायचे नसते. जुन्नर परिसरात दोनशेहून अधिक लेणी आहेत, आणि ती कोरणाऱ्यांनी डोंगराच्या पाण्याशी भांडण न करता ते लेण्यांशेजारी खोदलेल्या टाक्यांकडे वळवले. तो कारागीर शिकलेला नव्हता असे म्हणावे, तर ज्याने दाराची छिद्रे बुजवून दारातच टाके तयार केले त्याला काय म्हणावे, हा प्रश्न उरतो.

सिलिकॉनविषयी कठोर व्हावेच लागेल. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन उघड्या लोखंडाला गंज आणते, आणि कोणतेही सिलिकॉन एकदा लागले की त्यावर ना रंग धरतो ना दुसरा लेप. पुढची काच बसवणारे जो लवचिक पॉलियुरेथेन लेप वापरतात तो आणावा. जुना लेप पूर्ण खरवडून, गंज घासून, प्रायमर लावून, जागा कोरडी झाल्यावर बोल्ट काढून त्याच्या खाली लेप भरावा. बोल्टाच्या डोक्यावर फासलेला लेप केवळ शोभेचा असतो.

काळ कोणता, हे शेवटचे. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले खरे, पण छत कोणत्या महिन्यात उघडावे हे मालकाला पंचांगातच पाहावे लागते. लेपाला कोरडा पत्रा लागतो आणि कोरडा पत्रा चैत्र-वैशाखात मिळतो, तर मालकाला गळतीची आठवण आषाढात होते. मृग साधारण ७ जूनला लागतो. तोवर छताचे काम झाले नसेल तर या वर्षी माळशेजला एसटीने जावे. तिच्या छताची जबाबदारी प्रवाशावर नसते.